कानातला पाहुणा

गेल्या बुधवारी रात्री अडीच वाजता माझ्या उजव्या कानात झुरळ गेले. हे वाक्य त्या रात्री मला सांगलीतल्या एका रुग्णालयात पहारेकऱ्यापासून केसपेपर काढणाऱ्यापर्यंत चार जणांसमोर मोठ्याने उच्चारावे लागले. ‘काय होतंय?’ या प्रश्नाला छातीत कळ, पोटात मुरडा अशी प्रतिष्ठित उत्तरे असतात. ‘झुरळ’ म्हटले की ऐकणाऱ्याची मान आधी खाली जाते आणि मग त्याचे खांदे हलू लागतात.

वास्तविक यात हसण्यासारखे काही नाही. मोठ्या माणसाच्या कानाची नळी असते जेमतेम अडीच सेंटीमीटर, तिच्या टोकाला पडदा, आणि आत शिरलेल्या किड्याला मागे वळायला जागा नसल्यामुळे तो पुढेच धडका देत राहतो. पडदा जवळच असल्याने त्याचे एकेक पाऊल पत्र्यावर गारा पडाव्यात तसे ऐकू येते. परंतु तातडीच्या विभागात रुग्णांची लाल, पिवळी आणि हिरवी अशी वर्गवारी होते आणि मी निर्विवादपणे हिरवा होतो. धाप लागलेल्या आजोबांना माझ्या आधी आत नेले, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांबद्दल.

हे गृहस्थ कवठेमहांकाळकडचे. सासऱ्यांना घेऊन आलेले. सासरे आत सलाईन लावून गाढ झोपले होते आणि जावईबापूंना करण्यासारखे काहीच उरले नव्हते.

“काय झालंय पावणं?”

“कानात झुरळ गेलंय.”

“जित्तं हाय?”

“हो.”

“कंचं? सैपाकघरातलं का मोरीतलं?”

त्या अवस्थेतही मी क्षणभर खरोखरच विचार केला, याची मला आजही लाज वाटते. “पाहिलं नाही हो मी,” मी म्हणालो.

“बगायला पायजे हुतं,” ते गंभीरपणे म्हणाले, आणि लगेच त्यांनी खिशातून मोबाइल काढून त्याचा उजेड माझ्या कानात सोडला. उजेड दिसला की किडा बाहेर येतो, असे त्यांचे म्हणणे. झुरळ उजेडापासून पळते, हे स्वयंपाकघरात रात्री दिवा लावणारे कोणतेही पोर सांगेल. ते आत पळाले. मी किंचाळलो. “सरकलं बगा!” असा निर्णय त्यांनी खुर्च्यांवरच्या सर्वांना ऐकवला.

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना खुशालीच्या आधी ‘आयर्विनला पाणी किती?’ असे विचारतात. कृष्णेवरच्या या पुलापाशी पाणी ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. त्या गृहस्थांनी माझ्या कानाचा आयर्विन पूल केला. नवा नातेवाईक दारातून आला की ते त्याला ताजी पातळी सांगत: “ह्यांच्या कानात झुरळ हाय. मगाशी गप हुतं, आता परत सुरू झालंय.” एका बाईंनी आपल्या पोराला ते बघायला माझ्याजवळ आणले.

या सगळ्यातून मला सिस्टरांनी उठवून आत नेले. वय फार तर तिशीच्या आसपास, डोळ्यांखाली जागरणाच्या रेघा. पडद्याला छिद्र आहे का, कानातून कधी पू येत होता का, हे त्यांनी विचारले आणि मग डॉक्टरांनी सांगितलेल्या तेलाची बाटली त्या दोन्ही तळहातांत धरून चोळत बसल्या. आता यांनाही झुरळाला ताटकळत ठेवायचे आहे की काय, असे माझ्या मनात आले. “गार तेल घातलं की गरगरतं, काका,” त्या म्हणाल्या. “आधी त्याला मारू या, जिवंत ओढलं तर ओरखडे काढेल. मी सोडत नाही तुम्हाला.” आणि खरोखरच, आतली फडफड थांबेपर्यंत त्यांचा तळवा माझ्या कपाळावर होता.

तेवढ्यात कोणीतरी पडद्यातून डोके घालून “ए बाई, आमच्याकडं बगणार हाय का न्हाई?” असे खेकसले. “आले हं दादा,” म्हणून त्यांनी हात न हलवता उत्तर दिले. बाहेर, नेमक्या माझ्या बाकाच्या वर, आरोग्यसेवकांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असे २०१०च्या कायद्याचे बजावणारा फलक होता. खेकसण्याला त्यात कलम नाही. रात्रभर पायांवर उभ्या असणाऱ्या बाईला आपण ‘ए बाई’ म्हणतो आणि औषध लिहून निघून जाणाऱ्याला ‘सर’. मीही आजवर कोणत्या सिस्टरांचे नाव विचारले होते, असे त्या टेबलावर आडवे पडून मला वाटले, आणि तरीही त्यांचे नाव विचारायचे राहिलेच.

डॉक्टरांनी चिमट्याने ते ओढून काढले. सिस्टरांनी ते कापसात गुंडाळले. “पावसाळ्यात येतात असे खूप जण. लाज कसली त्यात?” त्या म्हणाल्या. त्या रात्री माझ्या झुरळाला न हसलेली ती एकमेव व्यक्ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भडंगाचा मोठा पुडा घेऊन गेलो. सिस्टरांची ड्युटी रात्रीची, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. बाकावर मात्र जावईबापू होते. सासरे आता वॉर्डात गेले होते.

“कानाचं काय म्हणतंय?” त्यांनी विचारले, आणि माझ्या हातातला पुडा काढून घेत म्हणाले, “द्या हिकडं, रातच्याला सिस्टर आल्या की देतो की मी.”

उजव्या कानात कापूस होता. डाव्या कानाने, दारापर्यंत पोहोचायच्या आत, पुडा फाटल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.