गन मारलीय, साहेब

ताम्हिणी घाटात जुलै महिन्यात गाडी पंक्चर होणं ही काही बातमी नव्हे. धबधब्याखाली भिजायला आलेली मंडळी रिकाम्या बाटल्या जिथे फोडून जातात, तिथूनच आपल्याला गाडी न्यायची असते. शिवाय मला चाक बदलता येतं. निदान अशी आमच्या घरात बावीस वर्षं समजूत होती. जॅक कुठे असतो, नट आधी सैल करून मगच गाडी कशी उचलायची, हे सगळं मला तोंडपाठ. ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या एका गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, १९०४ साली तिथे जादा चाकं विकायला सुरुवात झाली, हेही मला माहीत आहे. त्या पावसात मी ते बायकोला सांगितलंसुद्धा. तिनं छत्री माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली.

पहिला नट हलेना.

गाडीबरोबर मिळणारा पाना जेमतेम फूटभर लांब. आधी एका हातानं जोर लावला, मग दोन्ही हातांनी, मग पायानं, आणि शेवटी मी त्या पान्यावर चक्क उभा राहिलो. माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. आजवर या वजनाचा कुणाला काही उपयोग झालेला नाही, आज होईल असं वाटलं होतं. गाडीचं छत धरून मी पान्यावर उड्या मारत होतो आणि धबधब्याचे फोटो काढायला आलेली मुलं माझे काढत होती.

एक ट्रकवाले दादा थांबले. खाली उतरून त्यांनी नटाकडे नुसतं पाहिलं.

“गन मारलीय, साहेब.”

“कुणी?”

“टायरवाल्यानं. माणसानं आवळलेला नट माणसाला निघतो. हा मशीननं आवळलाय.”

त्यांनी केबिनमधून चार फुटी पाईप आणला, माझ्या पान्याच्या दांड्यावर सरकवला आणि चहाचा कप उचलावा इतक्या सहज खाली दाबला. नट किंचाळला आणि फिरला. चारही नट दोन मिनिटांत निघाले. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाले, “पाईप ठेवा गाडीत एक.”

कोणताही शहाणा माणूस भंगारवाल्याकडून पन्नास रुपयांचा पाईप घेऊन मोकळा झाला असता. मी इम्पॅक्ट रेंच, म्हणजे टायरवाल्याकडे असते तसली गनच, घ्यायचं ठरवलं.

त्यानंतरचे पंचवीस दिवस मी घरात होतो पण नव्हतो. रात्री साडेअकराला मोबाईलवर अमेरिकेतले दाढीवाले गृहस्थ गंजके बोल्ट उचकटताना बघायचे आणि सकाळी पोहे खाताना ब्रशलेस मोटारीचे फायदे सांगायचे, असा दिनक्रम झाला. त्या गृहस्थांकडे हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीखालचं सगळं गंजून एकजीव होतं. आमच्याकडे मीठ फक्त कैरीवर टाकतात, हे मला कुणी वेळेवर सांगायला हवं होतं. त्यांच्या फोर्ड एफ-१५० च्या चाकाचे नट दीडशे फूट-पौंडांनी आवळायचे, म्हणजे आपल्या मापात दोनशेच्या वर न्यूटन मीटर. माझ्या वॅगनआरचे? पंच्याऐंशी.

हे न्यूटन मीटर प्रकरण समजायला मला दोन रात्री लागल्या, तुम्हाला दोन वाक्यांत सांगतो. एक मीटर लांब दांडा नटाला लावून त्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम वजन टांगलं की एक न्यूटन मीटर. म्हणजे माझ्या नटाला मीटरभर दांडा आणि त्याच्या टोकाला पावणेनऊ किलो गव्हाची पिशवी पुरते. याच हिशेबानं, फूटभर पान्यावर उभा असलेला मी दोनशे चाळीस न्यूटन मीटरचं यंत्र होतो. तेही चार्जिंगशिवाय. आणि तरी नट हलला नव्हता. टायरवाल्यानं तिथे नेमकी किती पोती टांगली होती, देव जाणे.

आता यंत्र कोणतं? टायरच्या दुकानात असतं ते हवेवर चालतं. गन स्वस्त मिळते, पण तिच्यामागे कॉम्प्रेसर लागतो, आणि तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी सुरू केला तर पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मीच असतो. वायरवाली गन घ्यावी, तर पार्किंगमधला एकमेव प्लग वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये, आणि त्यावर त्यांचा मोबाईल, डासांचं यंत्र आणि चहाची किटली यांचा वंशपरंपरागत हक्क. सिगारेट लायटरच्या भोकातून चालणारी बारा व्होल्टची गन पाहिली, पण घाटातल्या त्या नटापुढे ती नम्रपणे गुणगुणत बसेल असं वाटलं. उरली बॅटरीवाली.

इथे खरा घोळ सुरू होतो. एकावर लिहिलंय अठरा व्होल्ट, दुसऱ्यावर वीस, तिसऱ्यावर एकवीस. मी अर्थातच एकवीसवाली निवडली. मग कळलं की तिन्हींच्या पोटात एकामागोमाग जोडलेले पाचच सेल आहेत. सेलचे सरासरी ३.६ व्होल्ट धरले की अठरा, नुकती चार्ज केलेली बॅटरी मोजली की वीस-एकवीस. म्हणजे एकच मुलगा, शाळेच्या दाखल्यावरचं वय वेगळं आणि पत्रिकेतलं वेगळं. पण हे निदान सभ्य झाले. काही खोक्यांवर ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असं छापलेलं असतं. व्हीएफ म्हणजे काय, तर काही नाही. मापात पाप करणारे पूर्वी तराजूला चुंबक लावायचे, आता व्हीला एफ लावतात.

टॉर्कच्या, म्हणजे पिळण्याच्या जोराच्या, आकड्याचंही तसंच. खोक्यावर ठळक छापलेला हजार हा बहुतेकदा नट उचकटण्याचा आकडा असतो, आवळण्याचा आत कुठेतरी बारीक अक्षरात आणि बराच कमी. दोन हजारांच्या खोक्यावर हजार न्यूटन मीटर आणि बावीस हजारांच्या खोक्यावर तीनशे, असं दिसलं की पुणेरी मन हरखून जातं. ते हरखलं की थांबावं.

आणखी एक गंमत. एका ठिकाणी नामांकित कंपनीची गन अर्ध्या किमतीत दिसली. तीन दिवस मी हवेत. मग वाचलं, ‘बॅटरी व चार्जर समाविष्ट नाही’. म्हणजे मोदकाची पारी इथे मिळेल, सारण आणि मोदकपात्र तेवढं आपलं आणा.

शेवटी शनिवारी बोहरी आळीत गेलो. रविवार पेठेत गाडी लावायला जागा मिळाली असती तर मी तिथेच राहिलो असतो, म्हणून रिक्षानं गेलो. दुकानात छतापर्यंत पाने, स्क्रू, साखळ्या, आणि वरच्या फळीवर बॉशची निळी, डीवॉल्टची पिवळी, मकिताची हिरवट-निळी अशी खोकी, गणपतीच्या आरासीसारखी, हात न लावता बघायची.

“मला इम्पॅक्ट रेंच हवाय,” मी म्हणालो.

“गन,” शेठनं दुरुस्ती केली. “काय खोलायचंय?”

“गाडीचं चाक.”

“किती गाड्या?”

“एक.”

शेठनं चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. “मग टायरवाल्याकडे जा की.”

ग्राहकाला परत पाठवण्यात जो आनंद आमच्या गावात घेतला जातो, त्याची मला सवय आहे. मी ब्रशलेस, व्होल्ट, न्यूटन मीटर असं सगळं बोलून दाखवलं. शेठनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मधल्या फळीवरची एक गन काउंटरवर ठेवली. “अर्धा इंची चौकोन. साडेतीनशे येतो, खराखुरा. दोन बॅटऱ्या, चार्जर. साडेसहा हजार. बिल मिळेल, वॉरंटी कार्ड मिळेल. कमी होणार नाही.”

“आणि हजारवाली?”

“ती पण आहे. तीन हजार. तिच्यावर हजार लिहिलंय, दोन हजार लिहू का सांगा, पेन आहे माझ्याकडे.”

मी साडेसहावाली घेतली. मग गोट्यांचं, म्हणजे नटावर चढवायच्या सॉकेटचं, विचारलं, “गोट्या माझ्याकडे घरी आहेत, त्या चालतील ना?”

“चकचकीत आहेत?”

“अगदी.”

“मग नाही. चकचकीत गोटी हातपान्याला. ती कडक असते, गनचा ठोका बसला की तडकते. तुकडा डोळ्यात. गनला काळी गोटी, सहा कोनांची.” हे सांगताना माणूस एकदम बदलला, वर्गात फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांसारखा. गनमध्ये नुसती फिरवाफिरवी नसते, आत एक हातोडा असतो, तो फिरत फिरत ऐरणीवर सेकंदाला पन्नासेक ठोके घालतो, म्हणून आपल्या मनगटाला हिसका बसत नाही आणि नटाला बसतो. “नारळ दाबून फुटतो का? आपटावा लागतो. तसं.” मला हे इतकं पटलं की एकोणीसच्या गोटीबरोबर सतरा आणि एकवीसचीही घेतली. माझ्या गाडीला त्या लागत नाहीत.

“अजून एक,” शेठ पिशवी देताना म्हणाले. “गननं खोला. आवळायचं मात्र हातानं. टॉर्क पाना आहे?”

नव्हता. ठरवलेला जोर झाला की टक् करणारा तो पाना त्यांच्याकडेही नव्हता, बुधवारी येणार होता. चोवीसशे रुपये.

घरी आल्यावर बायकोनं हिशेब मांडला. ती बँकेत आहे. गन साडेसहा हजार, गोट्या नऊशे, टॉर्क पाना चोवीसशे, आणि मी बोलता बोलता कबूल केलेला ट्रॉली जॅक बत्तीसशे. एकूण तेरा हजार. “चाकं किती वेळा काढायची असतात?” दर दहा हजार किलोमीटरला पुढची मागे आणि मागची पुढे करायची, मी सांगितलं. “आपली गाडी वर्षात सहा हजार चालते. म्हणजे वीस महिन्यांतून एकदा. नट किती? सोळा. एका नटाला?” तीन सेकंद, मी अभिमानानं म्हणालो. तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. “अठ्ठेचाळीस सेकंद. पहिल्या खेपेला सेकंदाला दोनशे सत्तर रुपये. यापेक्षा वकील स्वस्त.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी बॅटरी चार्जिंगला लावली.

रविवारी सकाळी दहाला, म्हणजे कुणाचीच झोप मोडणार नाही अशा वेळी, मी पार्किंगमध्ये उतरलो. सोसायटीतली झाडून सगळी मुलं जमली. तिसऱ्या मजल्यावरचे काका, टेल्कोतून निवृत्त झालेले, खुर्ची घेऊन आले. मी गोटी नटावर बसवली, चाप ओढला. टर्रर्रर्र. नट माझ्या तळहातावर, गरम. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला टाळ्या पडलेल्या नव्हत्या. मी एकेक करून चारही चाकं काढली, खरं तर कारण नव्हतं, आणि पुढची मागे, मागची पुढे करून टाकली.

नट परत लावताना काका म्हणाले, “टॉर्क पाना?”

“बुधवारी येतोय.”

“मग आतापुरतं साध्या पान्यानं आवळ. साडेआठ किलोग्रॅम-मीटर. आमच्या वेळी न्यूटन नव्हता.”

काकांचं बरोबर होतं. पण समोर अकरा मुलं होती, आणि त्यांतल्या एकानं “काका, अजून एकदा करा ना” असं म्हटलं होतं. मी गन उलट्याची सुलट केली. टर्रर्रर्र. टर्रर्र. आणि प्रत्येक नटाला एक टर्र वरून, प्रेमाचा.

बुधवारी टॉर्क पाना आला. अतिशय देखणी वस्तू. पंच्याऐंशीवर लावला, पहिल्या नटावर टेकवला, जरा दाबला, टक्. दुसऱ्याला, टक्. सोळाच्या सोळा नटांनी हात लावताच टक् केलं. मी वर जाऊन बायकोला सांगितलं की माझा अंदाज एका न्यूटननंही चुकलेला नाही. संध्याकाळी काकांनाही सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, तो पाना कमी पडलं तर सांगतो. जास्त झालंय हे त्याला कुठून कळणार? तो टक्च करतो.”

आज-उद्या सगळे नट सैल करून पुन्हा आवळतो, असं मी ठरवलं. मग गौरी-गणपती आले.

ऑक्टोबरमध्ये बायको मैत्रिणींबरोबर भुलेश्वरला गेली, गाडी घेऊन. दुपारी सव्वा वाजता फोन आला. यवतच्या अलीकडे पंक्चर. मी जेवणाच्या टेबलावर होतो आणि गन माझ्यासमोरच्या कपाटात, दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज.

“पाना मी नटावर लावलाय,” ती म्हणाली. “उभीसुद्धा राहिले. हलत नाही.”

मी काही बोललो नाही.

“एक ट्रॅक्टरवाले दादा थांबलेत. ते म्हणतायत, गन मारलीय.”

“मग?”

“विचारतायत, कुणी मारली.”

मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, आणि तिच्या मैत्रिणींचा.

“मी सांगितलं, टायरवाल्यानं,” ती म्हणाली. “आता ते पाईप आणायला गेलेत. परत आवळताना किती आवळायचे ते सांगा.”

“पंच्याऐंशी न्यूटन मीटर.”

“अहो, ट्रॅक्टरवाल्यांना समजेल असं सांगा.”

“मीटरभर दांडा असेल तर पावणेनऊ किलो गहू.”

तिनं फोन दादांना दिला.