आधी तार, मग सेट

नवख्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्याला, हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो: दोन-तीन हजारांचा चिनी वॉकीटॉकी मागवा आणि जगाशी बोला, परवान्याचं नंतर बघता येईल, एचएफच्या (लांब पल्ल्याच्या रेडिओलहरींच्या) नादी लागू नका, तिथे मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा), टॉवर आणि लाखभर रुपये लागतात. या सल्ल्याने उत्साही मुलं महिन्याभरात कंटाळतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

जगाशी बोलणं. बाओफेंग यूव्ही-५आरसारखे वॉकीटॉकी व्हीएचएफ-यूएचएफवर, म्हणजे एचएफपेक्षा वरच्या वारंवारितेवर, चालतात. या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच जातात. इमारतींच्या गर्दीत ५ वॅटने काही किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. डोंगरावरचा रिपीटर (आपला संदेश पकडून पुढे पाठवणारं केंद्र) टप्प्यात असेल तर गोष्ट वेगळी. तो आहे का, हे खरेदीआधी विचारा.

परवाना नंतर? अजिबात नाही. भारतातल्या हॅमना २ मीटर बँडवर (बँड म्हणजे वारंवारितेचा पट्टा, नाव तरंगलांबीवरून) १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ मिळतात. हे संच त्याबाहेरही प्रक्षेपण करतात, जिथे इतर सेवा चालतात. परवान्याविना बटण दाबणं गुन्हा आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या, त्या उगाच नाहीत.

मोर्स रिस्ट्रिक्टेड ग्रेड या परवान्याच्या परीक्षेला लागत नाही. विषय संपला.

आता टॉवर. त्याऐवजी तार पुरते. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेने भागा, अर्धतरंग डायपोलची (मध्यातून जोडलेल्या तारेच्या अँटेनाची) लांबी मीटरमध्ये मिळते. ४० मीटर बँडवरच्या ७.१ मेगाहर्ट्झसाठी साधारण २० मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर तांब्याची तार. मधला भाग गच्चीवरच्या बांबूला, टोकं खाली उतरती. ७-८ मीटर उंचीवरून ऊर्जा बरीचशी सरळ वर जाते आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरावरून) आसपासच्या काही शे किलोमीटरवर परतते. म्हणून सकाळी मुंबईहून नागपूरशी बोलायला ४० मीटर बँड उत्तम. अंधार पडला की तोच बँड लांब पोचतो. परदेश हवा असेल तर २० मीटर बँड, तिथे तार निम्मीच लागते.

सेटही लाखाचा नको. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स या एचएफ सेटचं डिझाइन सर्वांसाठी खुलं केलं. काही वॅटचा हा सेट लोक घरी बनवतात. उरलेले पैसे चांगल्या कोॲक्सवर (सेट आणि तार जोडणाऱ्या केबलवर) घाला, आणि तार स्वस्त एलईडी दिवे व चार्जरपासून लांब बांधा. शहरात दूरचा आवाज बुडतो तो बहुधा त्यांच्याच खरखरीत.