कॉन्व्हेंट, मिशनरी शाळा, चर्चची शाळा: शब्द नीट वापरूया

ख्रिस्ती संस्थांच्या शाळांबद्दल मराठीत बोलताना आपण तीन शब्द डोळे झाकून वापरतो. कॉन्व्हेंट, मिशनरी शाळा आणि चर्चची शाळा. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. त्या चालवणारी माणसं वेगळी, त्यांचे वरिष्ठ वेगळे आणि अडचण आली तर ज्या दारात जायचं ते दारही वेगळं. बातमी लिहिणारे, भाषांतर करणारे आणि प्रवेशाचे अर्ज भरणारे पालक या तिघांनाही या गोंधळाचा फटका बसतो, म्हणून सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात फादरपासून. कॅथलिक चर्चमध्ये फादर दोन प्रकारचे असतात. पहिले धर्मप्रांताचे. ते एका बिशपच्या हाताखाली, एका धर्मप्रांतासाठी, म्हणजे त्या बिशपच्या अखत्यारीतल्या भागासाठी काम करतात. अविवाहित राहण्याचं आणि बिशपची आज्ञा पाळण्याचं वचन देतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या नावावर बँकेत पैसे असू शकतात, वडिलोपार्जित घरात हिस्सा असू शकतो. दुसरे व्रतस्थ. ते एखाद्या धर्मसंघाचे सदस्य असतात आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. काही संघांत चौथंही असतं. येशू संघात, म्हणजे जेझुइटांमध्ये, अंतिम व्रतं घेताना बरेच सदस्य पोप पाठवतील तिथे जाण्याचं चौथं व्रत घेतात. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीत चौथं व्रत अतिगरिबांच्या विनामूल्य सेवेचं असतं.

हे सगळं मराठीत सांगायला शब्द नाहीत असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. वसईच्या ख्रिस्ती मराठीत डायोसिसला धर्मप्रांत, पॅरिशला धर्मग्राम, व्रत घेतलेल्यांना व्रतस्थ, सिस्टरला धर्मभगिनी आणि फादर होण्याच्या विधीला गुरुदीक्षा म्हणतात. १९९८ साली मुंबईपासून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत हे शब्द रोज वापरतो. मुंबईतल्या संपादकांच्या टेबलापर्यंत ते अजून का पोचले नाहीत, हा प्रश्न मला खरंच पडतो. तिथे अजूनही प्रत्येक जण 'पाद्री' असतो, मग तो कॅथलिक असो की प्रॉटेस्टंट, फादर असो की ब्रदर.

फादर कुठल्या संघाचे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे नावामागची अक्षरं. एस. जे. असेल तर जेझुइट. एस. डी. बी. म्हणजे डॉन बॉस्कोचे सालेशियन. ओ. एफ. एम. म्हणजे फ्रान्सिस्कन, ओ. पी. म्हणजे डॉमिनिकन, ओ. एस. ए. म्हणजे ऑगस्टिनियन. एस. एफ. एक्स. म्हणजे गोव्यातली पिलार संस्था. ती १८८७ साली गोव्यातच सुरू झाली आणि वांद्र्याचा फादर आग्नेल आश्रम तिचाच. ही अक्षरं आडनावानंतर स्वल्पविराम देऊन लिहितात. मराठीत ती आद्याक्षरं समजून नावाच्या पुढे नेली जातात आणि 'फादर एस. जे. अमुक' असा भलताच माणूस तयार होतो. नावामागे काहीच अक्षरं नसतील तर ते बहुधा धर्मप्रांताचे फादर.

'ब्रदर' या शब्दात तर तीन वेगवेगळी माणसं दडलेली असतात. एक, फादर होण्याच्या वाटेवर असलेला तरुण. जेझुइटांमध्ये अभ्यासाच्या मधली साधारण दोन वर्षं त्याला शाळेत किंवा एखाद्या कामावर पाठवतात, त्याला रीजन्सी म्हणतात. मुलं त्याला ब्रदर म्हणतात, आणि काही वर्षांनी तोच फादर म्हणून परत येऊ शकतो. दोन, जेझुइट किंवा सालेशियन संघात राहूनही आयुष्यभर ब्रदरच राहणारा. त्याची व्रतं पूर्ण असतात, पण तो मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, अर्पण करत नाही. तीन, फक्त ब्रदरांच्या संघाचा सदस्य. दे ला साल यांनी १६८० च्या सुमारास फ्रान्समध्ये उभा केलेला शिक्षक ब्रदरांचा संघ असाच आहे. तिथे ब्रदर ही पूर्ण आणि कायमची ओळख, फादर व्हायच्या आधीची पायरी नव्हे. त्यामुळे 'ब्रदरचे अजून फादर झाले नाहीत' हे वाक्य पहिल्या प्रकाराबद्दल बरोबर आहे. बाकी दोघांबद्दल ते चूक तर आहेच, शिवाय अपमानकारकही आहे.

आता कॉन्व्हेंट. मूळ अर्थ व्रतस्थांचं राहण्याचं घर. बाईमाणसाचंच असं काही नाही. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेल्या ज्या इमारतीत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते फ्रान्सिस्कन पुरुषांचं कॉन्व्हेंट होतं. थोडं वर टेकडीवर सेंट मोनिका आहे. १६०६ मध्ये सुरू झालेलं ते धर्मभगिनींचं कॉन्व्हेंट, ऑगस्टिनियन परंपरेतलं. शेजारी ऑगस्टिनियन पुरुषांच्या मठाचा तो प्रसिद्ध पडका मनोरा. १८३४-३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले, मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे याच ऑगस्टिनियन संघाचे. त्याआधीचे पोप फ्रान्सिस नावाने फ्रान्सिस्कन वाटले तरी होते जेझुइट.

मग कॉन्व्हेंटचा अर्थ इंग्रजी शाळा कसा झाला? एकोणिसाव्या शतकात युरोपातून धर्मभगिनींचे संघ मुंबई-पुण्यात आले. त्या राहायच्या ते कॉन्व्हेंट, आणि त्याच आवारात मुलींची शाळा. घराचं नाव शाळेला चिकटलं. वांद्र्याचं आणि पाचगणीचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाचं, तर कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी ही शाळा १८१८ साली फ्रान्समधल्या लिऑनमध्ये निघालेल्या संघाची. इथपर्यंत ठीक. पण विदर्भात आज केजी वनचं कुठलंही इंग्रजी वर्ग-घर 'कॉन्व्हेंट' असतं. देवी-देवतांच्या, आजोबांच्या, नगरसेवकाच्या आईच्या नावाने कॉन्व्हेंट निघतात. बोलीभाषेने शब्द आपलासा केला, त्याला माझी हरकत नाही. अडचण कागदावर होते. नावात कॉन्व्हेंट किंवा सेंट असलं म्हणून शाळा अल्पसंख्याक ठरत नाही. अल्पसंख्याक दर्जा संस्थेला मिळतो, त्याचं प्रमाणपत्र असतं. मे २०१४ च्या घटनापीठाच्या निकालानंतर शिक्षण हक्क कायदा (आरटीई) अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही, म्हणून दुर्बल आणि वंचित घटकांसाठीच्या २५ टक्क्यांच्या प्रवेशात त्या शाळा दिसत नाहीत. (सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा असं म्हटलंय, तेव्हा लक्ष ठेवा.) पण अल्पसंख्याक नसलेल्या ट्रस्टच्या विनाअनुदानित 'कॉन्व्हेंट'ला हा कायदा पुरता लागू आहे. 'ती कॉन्व्हेंट आहे, तिथे आरटीई नसतं' असं ऐकून अर्ज न भरणारे पालक आपल्या मुलाची हक्काची जागा घालवतात.

'कॅथलिक शाळा' हेही कुणी मनाने पाटीवर लिहावं असं नाव नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, कलम ८०३ सांगतं की अधिकृत चर्च-अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेने ते नाव घेऊ नये.

मिशनरी शाळा हा शब्द महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट मिशनांमुळे रुजला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासूनचं, विल्सन कॉलेज १८३२ पासूनचं, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. त्यांच्यात व्रतस्थ संघ नसतात. त्यांचे रेव्हरंड किंवा पाळक लग्न करतात, त्यांना मुलंबाळं असतात, आणि 'मंडळी' म्हणजे तिथे एकत्र उपासना करणारा समाज. अपवाद अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, आणि तो मराठी वाचकाला माहीत असायला हवा. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजला ज्या सिस्टरांकडे राहिल्या, त्या अँग्लिकन व्रतस्थ होत्या. १८९० च्या चहा प्रकरणातलं (टिळक, रानडे वगैरेंनी मिशनमध्ये चहा घेतल्यावरून वाद झाला ते) पुण्याचं पंचहौद मिशनही अँग्लिकन व्रतस्थ फादरांचं, काउली फादर्सचं. शाळेच्या पुस्तकात दोन्ही ठिकाणी नुसतं 'मिशनरी' छापतात आणि रमाबाई नेमक्या कशाच्या सहवासात होत्या, त्यांचे त्या सिस्टरांशी वाद कशावरून झाले, हे समजायचा रस्ताच बंद होतो. याचं मला फार वाईट वाटतं.

भाषांतर करणाऱ्यांसाठी आता थोडं, कारण सगळ्यात वाईट चुका इथे दिसतात. यंत्राने केलेलं भाषांतर तसंच चिकटवलं की 'रिलिजस ऑर्डर'चा 'धार्मिक आदेश' होतो. हवा असतो धर्मसंघ. 'हॅबिट' म्हणजे इथे सवय नव्हे, सिस्टरांचा झगा. 'प्रोफेशन' म्हणजे व्यवसाय नव्हे, व्रतग्रहण. 'चॅप्टर' ही संघाच्या प्रतिनिधींची सभा, तिथे वरिष्ठ निवडले जातात. 'प्रोव्हिन्स' हा संघाचा स्वतःचा प्रांत, राज्याच्या सीमेशी त्याचा संबंध नाही. 'सेक्युलर क्लर्जी'चं 'धर्मनिरपेक्ष पुरोहित' केलेलं वाचलं की डोक्याला हात लावावासा वाटतो. ते धर्मप्रांताचे फादर. आणि 'रेग्युलर क्लर्जी' म्हणजे नियमित येणारे नव्हेत, संघाच्या नियमावलीखाली राहणारे, म्हणजे व्रतस्थ.

पदांची नावंही संघागणिक बदलतात. डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन घराचा प्रमुख प्रायर, फ्रान्सिस्कनांचा गार्डियन, बेनेडिक्टाइनांचा ॲबट. जेझुइटांच्या मोठ्या घराचा रेक्टर, आणि त्या घराचा रोजचा कारभार, स्वयंपाकघर, खर्च पाहणारा तो मिनिस्टर. आपल्याकडे रेक्टर म्हटलं की वसतिगृहाचा. जेझुइट कॉलेजात रेक्टर तिथल्या जेझुइटांच्या घराचा वरिष्ठ असतो, आणि प्राचार्य वेगळे असू शकतात. 'कॉलेज'ही फसवतं. पुण्यातलं डी नोबिली कॉलेज म्हणजे शिकणाऱ्या जेझुइटांचं राहण्याचं घर. त्यांचे वर्ग आणि पदव्या ज्ञानदीप या वेगळ्या शिक्षणसंस्थेत.

प्रशिक्षणाचे टप्पे माहीत असतील तर बातमीतला अन्यायही टळतो. आधी नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा उमेदवारीचा काळ. कॅनन कायद्याप्रमाणे किमान बारा महिने, बऱ्याच संघांत दोन वर्षं. त्यानंतर तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षं, सहसा सहापर्यंत, फार तर नऊ. मग आजीवन व्रतं. (जेझुइट इथे वेगळे. त्यांची पहिलीच व्रतं आजीवन असतात आणि अंतिम व्रतं गुरुदीक्षेनंतर बऱ्याच वर्षांनी येतात.) तात्पुरत्या व्रतांची मुदत संपल्यावर एखादी सिस्टर घरी गेली तर ती नियमाप्रमाणे गेली. 'नन कॉन्व्हेंट सोडून पळाली' हा मथळा सरळ खोटा आहे, आणि गावात त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना तो वर्षानुवर्षं सोसावा लागतो.

पगाराचंही तसंच. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरला सरकारी वेतनश्रेणीच मिळते. पण दारिद्र्याच्या व्रतामुळे ती रक्कम संघाच्या सामाईक खात्यात जाते, तिच्या हाती राहत नाही. म्हणून आमच्या पगारातून उगमकर (टीडीएस) कापू नका, असं म्हणत तमिळनाडू आणि केरळमधले संघ न्यायालयात गेले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. पगार व्यक्तीच्या नावाने निघतो, पुढे तो कुणाला दिला हा वेगळा प्रश्न, असा त्याचा अर्थ. मला हा निकाल योग्य वाटतो. संघाचं पावित्र्य त्याने कमी होत नाही.

आता पालकांसाठी कामाचं. शाळा कुणाची हे पाटीवरून ठरवू नका. दाखल्याच्या माथ्यावर संस्थेचं नाव पाहा. तरी कळलं नाही तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातून त्या ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा उतारा काढा, विश्वस्तांची नावं त्यात असतात. शाळा धर्मप्रांताची, म्हणजे खऱ्या अर्थाने चर्चची असेल तर मुख्याध्यापकांच्या वर धर्मप्रांताचं शिक्षण मंडळ. धर्मसंघाची असेल तर वर प्रोव्हिन्शियल, म्हणजे संघाच्या प्रांताचे प्रमुख, आणि मुख्याध्यापक फादर किंवा सिस्टरची बदली तेच करतात. बिशप हाउसबाहेर मोर्चा नेऊन ती बदली होत नाही. धर्मप्रांतातल्या संघांच्या शाळांनाही भेट देण्याचा आणि त्यांच्यावर देखरेखीचा अधिकार बिशपना आहे, पण अंतर्गत कारभार संघाकडेच राहतो. आणि शिक्षण खात्याच्या नियमांचा भंग झाला असेल तर यातल्या कुणाचीच वाट पाहू नका. जिल्ह्यात शिक्षणाधिकारी, मुंबईत माध्यमिक शाळेसाठी शिक्षण निरीक्षक. लेखी अर्ज द्या, त्यावर संस्थेचं नोंदणीकृत नाव लिहा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत हातात घेऊनच बाहेर पडा.