पाच मिनिटांचा घोडा

घोड्यांच्या जत्रेत घेणाऱ्याला त्रास होत नाही, विकणाऱ्यालाही होत नाही. सगळा त्रास सोबत गेलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. आयर्लंडच्या गॉलवे काउंटीतील बॅलिनस्लो येथे ऑक्टोबरच्या सुरुवातीस भरणाऱ्या जत्रेला आमचे वयोवृद्ध आयरिश शेजारी मला ‘पाच मिनिटांचे काम आहे’ असे सांगून घेऊन गेले.

तिथे त्यांना एक तांबूस शिंगरू मनापासून आवडले, हे त्यांनी त्याची जी यथेच्छ निंदा केली तीवरून मी ओळखले. खूर वाकडे, छाती अरुंद आणि नजर बेरकी! मालकाने शांतपणे ऐकून घेऊन अवाच्या सवा किंमत सांगितली. शेजारी तरातरा निघाले आणि मीही सुटलो म्हणून मागोमाग निघालो, तोच एका गृहस्थाने त्यांची बाही धरली. हा टँगलर, म्हणजे तिथला मध्यस्थ. रुसून निघालेल्याला ओढून आणायचे, दोघांचे तळहात बळेच एकमेकांवर आपटायचे आणि ‘फरक निम्मा निम्मा वाटून घ्या’ असा घोशा लावायचा, हे त्याचे काम. आपल्या बैलबाजारात हेडी उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवतात, त्यामुळे बघ्यांना काहीच कळत नाही आणि ते बिचारे वेळेवर घरी जातात. इथे सौदा उघड्यावर, तोही टाळ्या वाजवत, त्यामुळे भोवती असे कोंडाळे जमते की बाहेर पडण्याची सोय उरत नाही.

सौदा पन्नास युरोंवर अडला होता. पाऊस मात्र कशावरच अडला नव्हता. नेपोलियनचा मारेंगो घोडा याच जत्रेतून गेला, असे कोंडाळ्यातील एकाने मला छातीठोकपणे सांगितले, तेव्हा पुरावा मागण्याइतके त्राण माझ्यात उरले नव्हते. गावोगावच्या रस्त्यांवर भरणारे गुरांचे बाजार 1950 च्या दशकापासून लिलावाच्या मार्टांनी बंद पाडले, याची खंत जुनी माणसे करतात. मार्टात जनावर काही क्षणांत विकले जाते, हे कळल्यापासून मी मार्टांचा कट्टर पुरस्कर्ता आहे.

अखेर मालकाने तळहातावर थुंकून हात पुढे केला, शेजाऱ्यांनीही थुंकून तो दाबला आणि मी गाडीकडे वळलो. पण अजून ‘लक पेनी’ बाकी होती. विकणाऱ्याने मिळालेल्या पैशांतून थोडे शकुनाचे म्हणून घेणाऱ्याला परत द्यायचे असतात, आणि ते किती द्यायचे यावर शेजारी पुन्हा तरातरा निघाले.