बिजागरीआधी मागचं चाक बघा

घडीच्या सायकलवर सामान लादून लांब फिरण्याबद्दलच्या (टूरिंग) लेखात सगळा दोष फ्रेमच्या बिजागरीवर, म्हणजे सायकल दुमडते त्या सांध्यावर, टाकलाय, पण सामान लादल्यावर आधी तक्रार करतं ते मागचं चाक. टूरिंगसाठी 20 इंची घ्यायची तर 406 मिमी रिमचीच घ्या. 20 इंचीतच येणाऱ्या 451 मिमी रिमचे टायर बहुधा बारीक असतात आणि वाटेत मिळायला अवघड. वजनमर्यादा बहुतेकदा चालक अधिक सामान अशी असते, कॅरियरची वेगळी. दोन्ही तपासा.

चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकापर्यंतची फ्रेमची नळी) आखूड असेल तर टाच पॅनियरला (कॅरियरच्या बाजूला लटकवायच्या पिशवीला) लागते. त्यासाठी पिशव्या मागे सरकवल्या की वजन मागच्या अॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मागे जातं, चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल डगमगतं. म्हणून जड वस्तू पुढे, फ्रेमला पक्क्या केलेल्या कॅरियरवर. हे फार महत्त्वाचं आहे.

बिजागरी तपासायला पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला, सांध्यावर बोट ठेवा. खट् जाणवलं तर बिजागरी आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू पाव फेरा आवळा. लिव्हर बंद करताना तळहाताचा जोर लागायलाच हवा. तरीही हललं, किंवा वेल्डजवळ केसासारखी रेघ दिसली, तर सायकल चालवू नका. आणि सीटपोस्टवरची (सीटच्या दांड्यावरची) किमान किती आत हवं ते दाखवणारी खूण कधीही बाहेर दिसता कामा नये.