दफनभूमीला वीस मिनिटे, दुकानाला तासभर

बेल्जियममधील ईप्रच्या, पहिल्या महायुद्धातील रणभूमीची एका दिवसाची मार्गदर्शित सहल घेतली की प्रत्येक वेळी तोच संताप होतो. टाइन कॉट दफनभूमीत सुमारे १२,००० सैनिक पुरलेले आहेत, त्यांपैकी ८,३०० हून अधिक जणांची ओळखही पटलेली नाही, आणि मागच्या भिंतीवर जवळपास ३५,००० बेपत्ता सैनिकांची नावे कोरलेली आहेत. अशा ठिकाणी मार्गदर्शक आम्हाला वीस मिनिटांत परत बोलावतो आणि चॉकलेटच्या दुकानात मात्र तासभर थांबवतो. एखाद्या नातवाला भिंतीवर आजोबांचे नाव शोधायचे असेल, तर त्याने काय करावे?

त्याहून खटकते ते भारतीय सैनिकांबद्दलचे मौन. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी याच परिसरात, होलबेकजवळ, खुदादाद खान एकटेच मशीनगन चालवत राहिले आणि व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळवणारे पहिले भारतीय सैनिक ठरले. त्यांचा उल्लेखही होत नाही. सीमेपलीकडे फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे ज्यांची कबरही ज्ञात नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांचे स्मारक आहे. ते पाहायचे आहे असे म्हटले, की ‘मार्गात बसत नाही’ एवढेच उत्तर मिळते. दुकान बरे मार्गात बसते!