कंपनीचं सर्टिफिकेट आहे, मग चाचणी कशाला?

सध्या फिरणारा युक्तिवाद असा: स्वयंचलित हवामान केंद्रांचे सेन्सर कंपनीकडून प्रमाणित होऊनच येतात, तेव्हा खरेदीआधी मैदानी चाचणी म्हणजे निव्वळ फाइल रखडवणं. गावोगावी केंद्रं बसवा, काही चुकलंच तर नंतर दुरुस्त करू.

सर्टिफिकेट खोटं नसतं, पण ते प्रयोगशाळेतलं असतं. मे 2024 मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने 52.9 अंश दाखवले आणि देशभर विक्रमाच्या बातम्या झळकल्या. हवामान खात्याने तपासलं, तर सेन्सर सुमारे तीन अंश चढा निघाला. त्याच सुमारास नागपुरात रामदासपेठेतलं केंद्र 56 वर गेलं. नागपूरकर उन्हाला सरावलेला खरा, पण 56? तोही यंत्राचाच घोळ. हे दोष पहिल्यापासून होते की मागाहून आले, हा प्रश्न वेगळा. कागद उन्हात टिकत नाही, एवढं नक्की.

पावसाचं दुखणं आणखी बारीक. बहुतेक स्वयंचलित पर्जन्यमापकांत दोन कप्प्यांची डुलती वाटी असते. 0.2 किंवा 0.5 मिलिमीटर पाऊस साचला की ती कलंडते आणि एक नोंद होते. रिमझिम पावसात सगळं ठीक. धो-धो कोसळायला लागला की वाटी कलंडतानाचं पाणी हिशेबात येत नाही आणि पाऊस कमी भरतो. काही कंपन्या त्यासाठी दुरुस्तीचं सूत्र वापरतात, पण ते किती चालतं हे पावसातच कळतं. जागतिक हवामान संघटनेने 2007 ते 2009 दरम्यान इटलीत विग्ना दी वाल्लेला निरनिराळे पर्जन्यमापक एकाच मैदानात लावून तुलना केली, ती हौस म्हणून नव्हे. मराठवाड्यात पास झालेलं यंत्र कोकणात पास होईलच असं नाही.

‘केंद्रं भरपूर असली की एखाद्याची चूक झाकली जाते.’ विम्यात नाही झाकली जात. फळपीक विम्याची भरपाई त्या-त्या महसूल मंडळासाठी ठरलेल्या केंद्राच्या आकड्यांवर ठरते. सलग ठरावीक दिवस ठरावीक तापमान असा निकष असला आणि मधल्या एका दिवशी सेन्सरने अर्धा अंश कमी दाखवला, की केळीवाल्याचा दावा गेला. नंतर सेन्सर बदलाल. तो दिवस पुन्हा मोजणार कसा?

वेळ जातो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा लागतोच. म्हणून आधी थोडीच यंत्रं घ्या, ज्यांच्या अचूकतेची खात्री आहे अशा उपकरणांशेजारी चालवा आणि उरलेली ऑर्डर त्या नोंदी बघून द्या. त्यासाठी जाणकार शोधत फिरायलाही नको, हवामान खात्याचा उपकरण विभाग पुण्यातच आहे.